शेवटची चार पानं

वत्सला गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. चार वाजता तिच्याकडे जायचं, कालच्या पुढचं वाचून दाखवायचं, म्हणून खूण शोधत होते. फोनवर तिची मुलगी होती. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली... मी पुस्तकात बोट घालून तशीच बसून राहिले. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. तिची दृष्टी गेल्यापासून रोज दुपारी मी तिच्या खोलीत जात असे. म्हातारपणी दोघी अमरावतीत आलो, घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. दारातून पाऊल आत पडलं की ती विचारायची, "काय वयनी, सध्या हातात काय आहे?" तब्येत कशी आहे, जेवण झालं का, हे सगळं नंतर. या वेळी हातात होती एका किल्ल्याच्या वेढ्याची जुनी कादंबरी, नव्यानं छापलेली. तिनंच आणवली होती. पण शेवटचं प्रकरण जवळ आलं तसं ती म्हणाली, "शेवट मले नको वाचू. तू घरी वाच. नीट वाच." मला वाटलं थकली असेल. तिच्या मनात काय होतं, ते आता कळलं. तेच लिहायला बसले आहे.

पन्नास सालानंतरच्या दशकाचा शेवट असेल तो. तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी अकोटात आले. शिक्षण चौथी. नवरा कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात, घरी सासूबाई. त्यांना अक्षरओळख नाही, पण कानानं तिखट. समोरच मुलींची शाळा, आणि तिथं वत्सला मास्तरीण होऊन आलेली. ती अकोल्याची. तिच्या घरच्यांनी नुकताच बुद्धाचा धम्म घेतला होता. गावच्या वाचनालयाच्या वहीत तोवर एकाही बाईचं नाव नव्हतं, आणि हिनं तीनदा अर्ज केला. ग्रंथपालकाका म्हणायचे, "मास्तरीणबाई, तुमाले शाळेतली पुस्तकं पुरत नाहीत का?" ही म्हणायची, "नाही पुरत, काका," आणि पुन्हा अर्ज ठेवायची. शेवटी कार्ड मिळालं. ते ती पोलक्याच्या आत ठेवायची, दागिना ठेवावा तसं.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड आम्हा दोघींना सारखंच. ती शाळा सुटल्यावर आमच्या ओट्यावर टेकायची. ओट्यावरच... तिचा कप वेगळा होता, हे लपवणार नाही. तो कप सासूबाईंनी कधी मोडीत काढला ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही याची लाज वाटते. मी वाटाणे सोलत असायची, ती वाचलेलं सांगायची. नियम एकच, शेवट सांगायचा नाही. वत्सला कादंबरीत जीव टाकायची, पण भांडायचीही तिच्याशीच. "पाह्य वयनी, आठ महिन्यांचा वेढा. तलवारी कोणाच्या, घोडे कोणाचे, सगळं लिहिलं. त्या घोड्यांले गवत कोण आणे, ते काहून नाही लिहिलं?" आतून सासूबाई ओरडायच्या, "गवताचं राहू दे वं, किल्लेदाराचं काय झालं ते सांग."

अडचण अशी की पुस्तक आठ दिवसांत परत द्यायचं आणि वाचणाऱ्या दोघी. मग वत्सलानं युक्ती काढली. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुडगे, दोऱ्यानं शिवलेले. दोरा उसवायचा, पुढचे जुडगे ती वाचेल, मागून मी, आणि आठव्या दिवशी दाभणानं पुन्हा शिवून पुठ्ठ्यात चिकटवायचं. चार-पाच कादंबऱ्या आम्ही अशा वाचल्या. आमची शिवण वाचनालयाच्या शिवणीपेक्षा बरी होती, खरं सांगते.

वेढ्याच्या कादंबरीला घात झाला. वत्सलाला शाळेच्या कामात वेळ मिळेना, म्हणून शेवटचा जुडगा तिनं स्वतः वाचण्याआधीच मला दिला, आणि मी तो फडताळात ठेवून शेतावर गेले. परत येऊन पाहते तर नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्या रद्दीत म्या शेवया बांधल्या. सुमीकडे अमरावतीले पाठवल्या." सुमी म्हणजे माझी नणंद.

मी वत्सलाला म्हटलं, "तसंच शिवून देऊन टाकू. कोण शेवटपर्यंत पाहते?" कारण मला तिच्या कार्डाची भीती. गेलं तर पुन्हा मिळणार नव्हतं, आणि लोक काय बोलतील तेही मला ठाऊक होतं, तिलाही. पुठ्ठ्यातली शेवटची रिकामी जागा तिनं बोटानं चाचपली. मग म्हणाली, "आठ महिने वेढ्यात बसलेला माणूस शेवटच्या पानाशी येईन आणि पान नसन. असं म्या कोणासोबत करणार नाही. उद्या शनिवार. सकाळची शाळा. दुपारच्या गाडीनं अमरावती." मी म्हटलं, "मी कधी पुरुषमाणसाबिगर एसटीत बसली नाही." "मंग उद्या बसजो," ती म्हणाली.

बसले. अंजनगाव, परतवाडा करत पोचलो तेव्हा नणंद आम्हाला पाहून घाबरली, कोणी गेलं की काय म्हणून. शेवया खाऊन झाल्या होत्या. कागद सापडले, पण शेवटची चार पानं पुडी सोडताना फाटली आणि शेगडीत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वत्सलानं पदर खोचला. "इथं मोठं वाचनालय आहे ना?" तिथं तीच कादंबरी होती. बंद व्हायला दीड तास होता. तिनं टाक मागून घेतला आणि चार कोऱ्या कागदांवर छापल्यासारख्या अक्षरात उतरवत बसली. मी शेजारी, तोंड फिरवून... नियम होता ना. ती मधेच थांबली. खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि पुन्हा लिहू लागली. मला वाटलं बोटं दुखली असतील.

सोमवारी पुस्तक शिवून ती एकटीच वाचनालयात निघाली. ती सगळं खरं सांगणार होती. मी उंबऱ्यात उभी. तेवढ्यात सासूबाई लुगडं सावरत बाहेर आल्या. "थांब वं मास्तरीणबाई. पुडी म्या बांधली. मी येतो." मग मला मागे राहायला तोंड उरलं नाही. आम्ही तिघी आत शिरलो तशी पेपर वाचणारी माणसं उठून उभी राहिली. वत्सलानं सांगितलं. काकांनी हातानं लिहिलेली पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "काम चांगलं केलं. पण पुस्तक उसवलं. कार्ड तीन महिने जमा करा." तिनं ते पोलक्यातून काढून टेबलावर ठेवलं. बोट मात्र त्याच्यावरच राहिलं. माझ्या तोंडून निघालं, "मंग माह्या नावाचं काढा." काकांनी चष्म्यावरून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "काढा नं, भाऊ. अन् ते पुस्तक आजच्या दिवस द्या. आमाले शेवट माहीत नाही."

त्या संध्याकाळी वत्सला पहिल्यांदा आमच्या माजघरात बसली आणि शेवट मोठ्यानं वाचला. वेढा उठतो, दरवाजा उघडतो. "आणि सर्वांच्या आधी बाहेर पडली ती गवत आणणारी बाई, कारण घोडे उपाशी होते." सासूबाई म्हणाल्या, "मंग, तिचं पुढं काय झालं?" वत्सला म्हणाली, "आजी, तेवढंच लिहिलं आहे." सासूबाई पुढं कित्येक वर्षं विचारायच्या, त्या बाईचं काय झालं असेल वं...

परवा मी नव्या प्रतीतलं शेवटचं प्रकरण वाचलं. नीट वाचलं, तिनं सांगितलं होतं तसं. दरवाजा उघडतो, निशाण चढतं, कादंबरी संपते. गवत आणणारी बाई कुठंच नाही. दोनदा वाचलं. मग तिच्या मुलीकडे गेले. जीर्ण झाली म्हणून वाचनालयानं काढून टाकलेली अकोटची ती प्रत वत्सलानं घरी आणली होती. मुलीनं तिच्या उशालगतच्या कपाटातून काढून दिली. आमची शिवण अजून घट्ट आहे. शेवटची चार पानं तिच्या अक्षरात, आणि ते वाक्य तिथं आहे. शाई बाकीच्या ओळींसारखीच, अक्षर ना मोठं ना लहान. किती वर्षं, किती माणसांनी अकोटात ते वाचलं असेल. एकालाही खटकलं नाही. मला तर नाहीच.

जुनी प्रत तिच्या मुलीकडेच राहील. नव्या प्रतीत, दरवाजा उघडतो त्या ओळीखाली, मी ते वाक्य माझ्या हातानं लिहिलं आहे. माझं अक्षर चौथीचं, जरा वाकडं आहे, पण वाचता येतं. पुढच्या आठवड्यात एसटीनं अकोटला जाते आणि ती वाचनालयाला देऊन येते. कार्ड माझ्या नावाचं अजून आहे.