पोटुशीची वाटी

गावाकडे आमच्या शेजारच्या पाड्यावर राहणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला तेव्हा मी दम्माममधल्या आमच्या क्लिनिकात बाळांच्या लशींचं रजिस्टर भरत होते. ताई, गरोदरपणात बाईच्या पोटात गेलेल्या दारूचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा आम्ही आपल्या भागात अभ्यास करतोय. तुम्ही नर्स आहात, आपल्यातल्याच आहात, तुमच्याशी बोलायचंय. मी मेसेज वाचला आणि पुसून टाकला. सौदीत बसून फोनवर दारूचा विषय नको, हे एक कारण. दुसरं कारण मी स्वतःलाही सांगत नव्हते.

माझा नंबर तिला आईनं दिला होता. म्हणजे या पोरीनं आईला गोड बोलून गुंडाळलं असणार, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे. कोणी उगाच गोड बोललं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते.

आणि माझा संशय काही फुकटचा नव्हता. मी आश्रमशाळेत तिसरीत असताना शहरातून माणसं आली होती. त्यांनी टेपनं आमची डोकी मोजली, समोरून आणि बाजूनं फोटो काढले, बिस्किटांचे पुडे वाटले आणि गेली. काय मोजलं, कशासाठी मोजलं, कोणी सांगितलं नाही. पुढे नाशिकला नर्सिंगला असताना मॅडमनी वर्गात एक वाक्य वाचून दाखवलं, की आदिवासी बायका दिवस गेलेले असतानाही पितात. अख्खा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, आपल्या घरातलं काही कोणाच्या कागदावर जाऊ द्यायचं नाही.

तो मेसेज आला त्याच महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेनं आम्हाला बोलावून घेतलं. आठ वर्षांची पोर, शाळेतली इंग्रजी-हिंदी फाडफाड बोलते, पण काल पाठ केलेला पाढा आज तिच्या डोक्यात नसतो. दप्तर भरायला सांगितलं तर अर्ध्यात विसरून खिडकीशी जाऊन उभी राहते. तीन वर्षं मी तिच्या मागे लागले होते. शिकवणी लावली, टीव्ही बंद केला, रागाच्या भरात दोनदा हातही उचलला. आळशी आहेस, नुसती आळशी, हे वाक्य तर मी रोजच्या भाजी-पोळीबरोबर वाढत होते. शाळेचं म्हणणं होतं की हिला डॉक्टरांना दाखवा, त्यांचा अहवाल आणा, नाहीतर याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल.

डॉक्टरबाई जॉर्डनच्या होत्या, इंग्रजी सावकाश बोलायच्या. त्यांनी एक लांबलचक फॉर्म दिला. पोर पोटात असताना ताप, औषधं, सिगारेट, अल्कोहोल. अल्कोहोलपुढे मी इतक्या झटकन ‘नाही’वर खूण केली की पेनची रेघ बाहेर गेली. नवरा शेजारीच होता. बाहेर आल्यावर म्हणाला, बरं केलंस, उगाच इकाम्याचं, इथं राहायच्या परवान्याचं, लचांड नको. म्हणजे यालाही माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नव्हतो.

काय माहीत होतं ते सांगते. आमच्या पाड्यावर पहिलटकरणीला पाचव्या महिन्यापासून रोज दिवेलागणीला एक वाटी मोहाची देतात, त्यात गूळ आणि सुंठ घालून. पहिला थेंब जमिनीला, मग बाईला. पोर घट्ट बसतं, बाईच्या अंगात ताकद येते, असं म्हणतात. वाटी देण्याचा मान बाईच्या आईचा. नवरा तेव्हा इथे अबकैकला तेलाच्या प्लांटवर नुकताच लागला होता, म्हणून मी आईकडे राहून नोकरी करत होते. चार महिने आईनं एक संध्याकाळ चुकवली नाही. आणि मी तिथल्याच सरकारी दवाखान्यातली नर्स. तपासणीला येणाऱ्या बायांना बजावून सांगायचे की थेंबभरसुद्धा घ्यायची नाही. घरी आले की वाटी तोंडाला लावायचे. ती दारू थोडीच आहे, आईच्या हातचं औषध आहे, असं मनाशी म्हणायचे. इतकी शिकलेली बाई, आणि मनाची अशी समजूत घालत बसले.

फॉर्म भरून आल्यापासून मी पोरीकडे नीट बघूच शकेना. ती दूध पीत असली की माझी नजर तिच्या नाकाखाली जायची. तिथली खाच सपाट आहे का, वरचा ओठ पातळ आहे का. पोटात असताना दारू पोचलेल्या पोरांच्या पुस्तकात वाचलेल्या खुणा मी पोटच्या पोरीच्या चेहऱ्यावर शोधत होते. मग सासूचे फोटो काढून बघायचे, नवऱ्याचा ओठ बघायचे. कधी वाटायचं, आहे. कधी वाटायचं, छे, हा तर सासूचाच ओठ. माझं डोकं मोजणाऱ्या माणसांना मी जन्मभर शिव्या घातल्या आणि आता माझ्याच घरात तेच काम मी करत होते.

अभ्यास करणाऱ्या त्या मुलीचा पुन्हा मेसेज आला. या वेळी मी फोन केला, पण झापायलाच. तुम्हाला कोणी पाठवलं, कागद कुठे जाणार, फोटो काढता का, नावं लिहिता का, आमच्या बायांना दारुड्या ठरवून तुम्हाला काय मिळणार, असं एका दमात विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. फोटो नाही, नावं नाही, म्हणाली. कागद पाड्यावरच्या बायांच्या मंडळाकडे राहतात, काय निघालं ते आधी बायांना वाचून दाखवायचं, त्यांनी हो म्हटलं तरच बाहेर जाणार. मला खरं वाटलं नाही. असलं कोणी करत नाही. मी म्हटलं, प्रश्न पाठव, बघते.

प्रश्न आले. क्लिनिकातल्या जेवणाच्या सुट्टीत मी ते खोट काढण्याच्या हिशोबानं वाचायला घेतले. मला वाटलं होतं, पहिला प्रश्न असणार, तू पितेस का, किती पितेस. तसा प्रश्नच नव्हता. पहिला प्रश्न होता, तुला कोणी दिली? मी तिला विचारलं, हे काय? ती म्हणाली, हा अभ्यास करवणाऱ्या संस्थेचा प्रश्न वेगळा होता, बायांनी बसून तो खोडला. त्या म्हणाल्या, पोटुशी बाई स्वतः उठून पीत नाही, तिला प्रेमानं कोणीतरी देतं, मग एकट्या तिलाच कशाला धरता? देणारीला विचारा. त्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी उत्तर कोणी दिलं, ते मात्र तिनं सांगितलं नाही. ते तुमच्या आईलाच विचारा, म्हणाली.

मग मात्र माझं डोकं फिरलं. आईला सगळ्यांसमोर बोलायला लावलं यांनी. म्हातारीच्या तोंडून माझं नाव काढून घेतलं. दोन दिवस मी नुसती धुमसत होते, नवऱ्यावर ओरडले, पोरीवर ओरडले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही.

शुक्रवारी सुट्टी होती. आईला फोन लावायचा म्हणजे आधी निरोप द्यावा लागतो, मग ती टेकडीवर चढून येते, तिथेच रेंज मिळते. आली. धाप लागलेली. मी रागातच विचारलं, काय बोललीस मीटिंगमध्ये? तिनं सरळ सांगितलं. ती उठून उभी राहिली होती आणि म्हणाली होती, माझ्या लेकीला मी दिली, चार महिने रोज दिली, आता माझी नात शिकायला अडते. तिच्यानंतर एकेक करत सात-आठ जणी उठल्या. कोणी सासू, कोणी आई, एक तर गावची सुईण.

 मग ती म्हणाली, “तू नर्स आहेस, खरं सांग. माझ्याच हातानं झालं काय गं ते?”

खोटं बोलणं सोपं होतं. नाही गं आई, असं काही नसतं, एवढं म्हटलं असतं तर ती टेकडी उतरून घरी गेली असती. खरं म्हणजे ठाम कोणालाच सांगता येणार नव्हतं, मलाही नाही. पण तिचा आवाज ऐकला आणि माझ्यानं राहवेना.

“आई, तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वाटी मीच पुढे करायचे.”

 मला वाटलं आता रडेल, पण ती रडली नाही. तिनं विचारलं, तिथल्या डॉक्टरला हे सांगितलंस का? मी म्हटलं, त्या बाईंना नाही सांगितलं. सांगितलं तर इथे काय होईल कोण जाणे. त्यावर ती म्हणाली, “मी अख्ख्या पाड्यासमोर सांगितलं. तुला एका बाईला सांगवत नाही?” आणि तिनं फोन ठेवला. आईनं माझा फोन असा मध्येच ठेवल्याचं मला आठवत नाही.

रविवारी मी नवऱ्याला न विचारता रजा टाकली आणि पोरीला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले.  वाटत होतं, ही बाई आता घंटी वाजवणार, कोणालातरी बोलावणार, फाइलवर लाल शेरा मारणार. मी म्हटलं, त्या फॉर्मवर मी खोटं लिहिलंय. मग चार महिने, रोज एक वाटी, सगळं सांगितलं. त्यांनी घंटी वाजवली नाही. जुनी खूण खोडून त्यांनी नवीन केली आणि वाटी केवढी होती ते विचारलं. मी ओंजळ करून दाखवली.

त्या म्हणाल्या, यामुळेच झालं असं आज म्हणता येणार नाही, आणखी तपासण्या कराव्या लागतील. पण एवढं नक्की, की ही मुलगी मुद्दाम विसरत नाही. तिला वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल, शाळेला मी तसं लिहून देते. मी मान हलवत होते. पोर बाजूच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती, तिचं लक्ष नाही असं मला वाटलं होतं.

तिनं माझी ओढणी ओढली आणि हळूच विचारलं, “मम्मी, मतलब मैं लेझी नहीं हूँ ना?”