संशयाची तीन पिल्लं

कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटातली भेसळ, म्हणजे परक्या जातीची झाडं, काढायचं काम सरजाबाईनं एकोणतीस वर्षं केलं. जिंतूरच्या आसपास कुणी बियाण्याचा प्लॉट धरला की पहिला निरोप तिला यायचा. बायांची टोळी घेऊन ती ओळीत शिरायची आणि चालता चालता हात घालायची. हातात आलं ते झाड मुळासकट वर. दुसऱ्याला सगळी झाडं सारखीच दिसायची. तिला पानामागची लव कमी दिसायची, पाकळीच्या बुडाशी नको तो लाल ठिपका दिसायचा. कंपनीचा साहेब तपासणीला यायचा तेव्हा बांधावरूनच विचारायचा, “सरजाबाई फिरली का यातून?” फिरली म्हटलं की तो चहा पिऊन परत.

टोळीतल्या नव्या बायांना ती दोनच गोष्टी सांगायची. नुसत्या रंगावर जायचं न्हाई. आणि संशय आला की उपटायचं. एक झाड सुटलं तर पोतंभर बी नासतं, मग शेतकऱ्यानं कुणाच्या तोंडाकडं बघावं?

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिनं काम सोडलं आणि जिंतुरात लेकाजवळ, सिद्धोधनजवळ, राहायला आली. सिद्धोधन कचेरीत कारकून, सून नीलम शाळेत शिक्षिका. दिवसभर घरात सरजाबाई आणि माशांची टाकी, दोघीच. ही टाकी सिद्धोधनच्या साहेबांची. बदली झाली, नेणं जमेना, म्हणून देऊन गेले.

“माणसाला चौथ्या दिवशी नळ अन् माशाला चोवीस तास पाणी,” सरजाबाई पहिल्या दिवशी म्हणाली. “साहेब शहाणाच हाय तुझा.”

पण महिन्याभरात तिची खुर्ची टाकीपुढं सरकली. टाकीत सात मासे होते, सगळे सिक्लिड नावाच्या कुळातले, पण जातींची मिसळ. दोन निळ्या, अंगावर उभे काळे पट्टे असलेल्या. चार पिवळेधमक, पाठीवरच्या पराला काळी किनार, काजळाचं बोट ओढल्यासारखी. आणि एक मोठा, मळकट पिवळा, भांडखोर. दुसऱ्याच्या शेपटीमागं कायम धावणारा. सरजाबाईनं त्याचं नाव ‘फौजदार’ ठेवलं होतं.

एक दिवस एका निळीनं खाणं सोडलं. गालफडं फुगली. “हिला गालगुंड झालंय,” सरजाबाई म्हणाली. नीलमनं परभणीच्या माशांच्या दुकानदाराला, रंगनाथला, फोन लावला. तो हसला. म्हणाला, “ताई, तिच्या तोंडात पिल्लं हायती. तीन आठवडे ती काही खायची न्हाई. खाल्लं तर पिल्लंच पोटात जातील.”

ते ऐकल्यावर सरजाबाई त्या निळीपुढं तीन आठवडे बसून राहिली. पिल्लं बाहेर आली ती अकरा. तांदळाच्या कणीएवढी, सगळी फिकी निळी. नीलमनं टाकीत जाळी लावून त्यांना वेगळा कप्पा केला.

सहा महिन्यांत पिल्लं बोटाएवढी झाली आणि कप्पा पुरेना. जाळीपलीकडून फौजदार धडका मारायचा. एका रात्रीत जाळी सरकली आणि सकाळी दोघांच्या शेपट्या फाटलेल्या. नीलमनं पुन्हा रंगनाथला विचारलं. तो म्हणाला, “आणा की. पण निव्वळ जातीची तेवढीच घेतो. मिसळीची आली तर मी विकत न्हाई. उद्या कुणी ती जातीची म्हणून वाढवली तर सगळीकडं घोळ होतो. मिसळीची मी माझ्या ऑस्करला, त्या मोठ्या माशाला, घालतो. तो लहान मासेच खातो.”

नीलमनं फोन ठेवला. “आई, तुमीच बघा बरं. मला सगळी सारखीच दिसतात.”

सरजाबाईला मनातून बरं वाटलं. किती तरी दिवसांनी कुणी तिला हे काम सांगितलं होतं. तिनं चष्मा पुसला आणि जाळीपुढं बसली. आठ पिल्लं आईसारखी निळी, पट्टेदार. तीन मात्र गढूळ. निळ्यावर हळद सांडल्यासारखी. आई निळी, भावंडं निळी, ही मधेच पिवळी कुठून?

“ही तीन भेसळ,” ती म्हणाली. चहा गार व्हायच्या आत निवाडा झाला.

“नक्की?”

“एकोणतीस वर्षं दुसरं काय केलं मी?”

रविवारी परभणीला जायचं ठरलं. त्या सकाळी आंघोळ करून सरजाबाईनं तथागतांच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावली आणि रोजच्यासारखी पंचशील म्हणायला लागली. पहिल्याच ओळीवर, कुठल्याही जिवाची हिंसा करणार नाही या ओळीवर, तिची जीभ अडखळली. झाडं उपटताना कधी अडखळली नव्हती. तिनं ओळ पुन्हा म्हटली, पुढच्या चारही म्हटल्या. पण वंदना झाल्यावर उठायला तिला वेळ लागला. नीलमला वाटलं, गुडघे.

“तुमी कशाला येता आई, मी देऊन येते.”

“मी निवाडा दिला, मीच येते.”

एसटीत झाकणाची बादली तिनं मांडीवर धरली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, काय हाय त्यात?”

“मासे.”

“मग वास कसा येईना?”

“जिते हायत, बाबा.”

“मग तिकीट लागंल त्यांचं.” सगळी गाडी हसली. सरजाबाई एरवी कुणाला सोडणारी नव्हती, पण आज तिचं लक्ष बादलीतच होतं. झाकणाखाली पाणी हललं की तिचा हात आपोआप झाकणावर जायचा.

रंगनाथच्या दुकानात काचेच्या टाक्या छतापर्यंत रचलेल्या. कोपऱ्यातल्या मोठ्या टाकीत तो ऑस्कर, वितीपेक्षा लांब, काळा-नारिंगी, माणूस जवळ आलं की काचेला तोंड लावणारा. रंगनाथनं आठ निळी पिल्लं मोजून घेतली. “झकास हायती. बरं, ती तीन कुठली?” त्यानं जाळी उचलली आणि तिन्ही एकदम काढून ऑस्करच्या टाकीकडं वळला.

“थांब,” सरजाबाई म्हणाली. “एकदा काचंत घाल. एकेक करून.”

“आई, गाडी चुकंल,” नीलम म्हणाली.

“चुकू दे.”

रंगनाथनं पहिलं पिल्लू काचेच्या ग्लासात सोडलं. सरजाबाईनं ग्लास दाराशी नेला आणि उजेडापुढं धरला, पान धरायची तसा. पिवळेपणाखाली पट्टे होते. तिनं मोजले. आईच्या अंगावर जितके, तितकेच, त्याच जागी. पाठीवरच्या पराला काळी किनार नाही. दुसरं पिल्लू घातलं. तेही तसंच.

पान बघितलं नव्हतं, लव बघितली नव्हती. नुसता रंग बघून बसली होती ती.

“रंगनाथ, ह्या निळीचा नर कसला असतोय?”

“नर? ही केनयी जात, हिचा नर पिवळा होतो की, मावशी. लहानपणी सगळे निळे. माद्या निळ्याच राहतात, नर मोठा होताना पिवळा पडत जातो.” बोलता बोलता तो थांबला. ग्लास हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. “अरे हौ. हे तर नर हायत दोन्ही. निव्वळ जातीचे.”

“मग तुमचा फौजदार बाप झाला की आई,” नीलम म्हणाली.

“तू कसं ओळखलं न्हाईस?” सरजाबाई रंगनाथवर उखडली.

“ताई काल परत फोनवर म्हणल्या, आमच्या आईनं भेसळ काढलीय, त्यांचं बियाण्याचं काम होतं. मग मी कशाला बघू?”

सरजाबाई स्टुलावर बसली. तिला बांधावरचा तो साहेब आठवला. सरजाबाई फिरली का, एवढंच विचारणारा. तोही कधी बघत नव्हता. तिनं उपटून बांधावर टाकलेली झाडं दुपारपर्यंत माना टाकायची, त्यांना पुढं कसलं फूल येणार होतं ते कुणाला कळणार? ती स्वतःशी काही मोजायला लागली आणि तिनंच ते सोडून दिलं. मोजण्यासारखं नव्हतंच ते.

तिसरं पिल्लू अजून जाळीत होतं. रंगनाथनं आधीची दोन त्या आठांत सोडली, हे ग्लासात टाकलं आणि या खेपेला आधी स्वतः बघितलं. अंगावर पट्टे होते, आणि पाठीवरच्या पराला काळी किनारही होती, बारीक.

“हे मात्र मिसळलेलं दिसतंय, मावशी. निळीचं अन् काळ्या किनारीच्या पिवळ्याचं.”

“नक्की?”

“मिसळ टाकीत जन्मलंय. नक्की कोण सांगणार? पण संशय तर हायच.” त्यानं ग्लास ऑस्करच्या टाकीवर धरला. ऑस्कर वर आला आणि त्यानं तोंड उघडलं. नीलमनं मान फिरवली.

सरजाबाई उठली आणि तिनं त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला.

“मावशी, नेऊन काय करणार? तुमचा मोठा नर फाडून टाकंल त्याला.”

“वेगळं ठेवीन. ह्याची पिल्लं धरणार न्हाई, बी म्हणून कुणाला देणार न्हाई. तेवढं मी पाळीन. पण मासा हाय तर मासा म्हणून राहू दे.”

“घरात जागा कुठंय, आई?” नीलम म्हणाली.

“माझी पेटी खाटंखाली सरकव.”

रंगनाथनं डोकं खाजवलं, मग माळ्यावरून एक जुनी, कोपऱ्याचा टवका गेलेली लहान टाकी काढून दिली. “गळत न्हाई,” म्हणाला, “नुसती दिसायला तशी हाय.” परतीच्या गाडीत ती टाकी नीलमच्या मांडीवर आणि बादली सरजाबाईच्या.

दोन आठवड्यांनी टोळीतली जुनी सोबतीण, सुलाबाई, भेटायला आली. पेटीच्या जागी पाण्याची टाकी बघून तिला नवल वाटलं. वाकून म्हणाली, “एकटाच ठेवलास गं? कोणत्या जातीचा हाय?”

“सांगता येत न्हाई.”

“तुला?” सुलाबाईनं तोंडाला पदर लावला. “प्लॉटात तर ओळ संपायच्या आत सांगायचीस.”

सरजाबाईनं बोटाच्या चिमटीतलं खाणं पाण्यावर सोडलं. पिल्लू वर आलं, एक दाणा टिपून परत दगडाआड गेलं.

“सांगायची खरी,” ती म्हणाली. “आता बघायलेय.” आणि सुलाबाईलाही दिसावं म्हणून ती खाटेवर थोडी सरकून बसली.