मान धरली की सुटली

त्या दिवशी बायकोच्या हातातून वाटी पडली. वाटी पडल्याचं तिला आवाजावरून कळलं.

तिने डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. म्हणाली, "अहो, मी सोडली न्हाई वाटी." मी शाळेला निघालो होतो, निघालोही. पण वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. मी खडू धरला आहे हे मला कळतंय ना, एवढं पुन्हा पुन्हा तपासत होतो.

तिची मान आधीपासूनच दुखायची. मान आखूड, केस मानेवर पार खाली उतरलेले. शहागडला, माहेरी, लहानपणी तिला कासव म्हणत. त्यात कोणाला काही दुखणं दिसलं नव्हतं. मान अवघडली की सगळे म्हणत, मान धरली. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलेला आहे की उपायही त्यातच सापडतो. जे धरलं आहे ते सोडवायचं.

तिचा थोरला भाऊ आला, तो चोळणाऱ्याला घेऊनच. मी मुंबईच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाला, "दाजी, पुस्तकं वाचून मान सुटत नसती. एक झटका बसू द्या, मंग बघा." चोळणाऱ्याने तिला पाटावर बसवलं, हनुवटी आणि डोकं धरून एका बाजूला फिरवलं. कट्ट असा आवाज आला.

"सुटली बघा," भाऊ म्हणाला.

तिला त्या दिवशी बरंही वाटलं. पुढच्या काही दिवसांत डाव्या पायात चप्पल राहीना. चप्पल मागे पडलेली असायची आणि ही पुढे गेलेली.

जुन्या जालन्यातल्या आमच्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय ताडकन उडाला तशी त्यांनी हातोडी खाली ठेवली; पाय इतका उडणं चांगलं नाही, म्हणाले. पुठ्ठ्यावर कापूस गुंडाळून त्यांनी मानेला पट्टा केला आणि जल्दी मुंबई गाठा म्हणाले. तेव्हा आमचा मुलूख हैदराबाद राज्यात होता, मुंबई फार लांबची वाटायची. मनमाडला गाडी बदलेपर्यंत आणि बदलल्यावरही मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून बसलो होतो. गाडीला गचका बसला की मी तिच्या तोंडाकडे बघायचो. शेवटी ती म्हणाली, "नका ना असं बघू. मी काय वाटी न्हाई."

मुंबईच्या सर्जनने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. कवटी जिथे मानेवर टेकते तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "मान धरलेली नाही, सुटली आहे. वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकतात. आतून मज्जारज्जू जातो, तो चेपतोय. आम्हाला ती धरायची आहे, कायमची."

आमच्याबरोबर आलेला मेहुणा म्हणाला, "म्हंजे आम्ही सुटलेलीच सोडवत होतो?"

तो बाहेर गेला.

मी विचारायचे प्रश्न मनात मांडून गेलो होतो, पण तोंडातून एकही निघेना. तिने विचारले. पाठीवर पडून, छताकडे बघत.

"हात परत येईल का?"

"गेलेलं परत येईल असं मी सांगत नाही. थोडं येतं, कधी येत नाही. आहे ते जाऊ नये म्हणून हे करायचं."

"उजवा राहील?"

"त्यासाठीच. असंच ठेवलं तर तोही जाईल, मग श्वासावर येईल."

"आन् मान?"

कमरेचं हाड काढून कवटीच्या मागे आणि मणक्यांवर बसवू, तारेने बांधू, असं त्यांनी सांगितलं. हाड जुळेपर्यंत काही महिने डोक्यापासून छातीपर्यंत प्लास्टर. नंतर मान डोलावता येणार नाही, बाजूला बघायचं तर अंगासकट वळावं लागेल. टेबलावर जीव जाऊ शकतो, तेही त्यांनी लपवलं नाही.

ती म्हणाली, "म्हंजे यांच्या बोलण्याला नुसती मान डोलवायची सोय बी गेली." सर्जन हसले. मला हसता आलं नाही. मग ती म्हणाली, "उजवा हात राहू द्या. करा."

ऑपरेशनच्या सकाळी मी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतो. पुस्तक बरोबर होतं, तेच पान चार वेळा उघडलं. बाकावर एक म्हातारे मुस्लिम गृहस्थ बसले होते, त्यांच्या मुलाचंही त्याच दिवशी होतं. म्हणाले, "मास्टरसाहब, बैठो. फर्श घिस जाएगा, डॉक्टर तो अपने वक्त पे-च आएगा." मी बसलो आणि पुन्हा उठलो. मला एकच कळत नव्हतं: आत तिला पालथं झोपवलं असेल, तर तिची मान आता कोणी धरली असेल?

ती जगली. डावा हात आला नाही. पायात थोडं बळ आलं, भिंत धरून चालायची. उजवा हात राहिला. त्याच हाताने तिने पुढे भाकरी केली, केस विंचरले, मला पानं लावून दिली. कोणी हाक मारली की सगळीच्या सगळी वळायची आणि शेजारच्या बायका हसायच्या, तीही हसायची.

गेल्या थंडीत ती छातीच्या तापाने गेली. मानेचा त्याच्याशी संबंध नव्हता. बांधलेलं हाड शेवटपर्यंत टिकलं.

आता आसपास कोणाला डॉक्टरांनी हे ऑपरेशन सांगितलं की घरची माणसं माझ्याकडे येतात. काय थांबणार आणि काय परत येणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगवेगळे विचारा, असं मी सांगतो. काय कायमचं हलायचं बंद होईल ते विचारा. प्रश्न दुखणाऱ्यालाच विचारू द्या. आणि तोवर मानेला कोणाचा हात लावू देऊ नका.

ते गेले की मी दार लावतो. घरात मी एकटा आहे.