भाऊजींच्या धुळीआडच्या दीर्घिका

आपण चुकीचं बोललो हे सांगायला स्कूटर काढून गावोगाव हिंडलेला माणूस महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात एकच झाला, आणि तो माझ्या ताईचा नवरा. भाऊजी एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे आणि उरलेला सगळा वेळ आकाशाला द्यायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर पोहे येईपर्यंत त्यांनी मुलीच्या वडिलांना फार दूरच्या, धुळीनं झाकलेल्या दीर्घिका समजावल्या. "धूळ आतला उजेड पिऊन टाकते, तापते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या, मिलिमीटरहून आखूड लहरी बाहेर सोडते. आमच्या बॉयलरसारखंच. बाहेरून ऊब लागते, आत काय जळतंय ते दिसत नाही." त्यांचं मत मात्र पक्कं होतं: आत अवाढव्य कृष्णविवर, आणि त्यात पडणारा वायू तापून झळाळतो, तीच ही ऊब. ते स्थळ जमलं नाही.

पुढं एकदा कशेडी घाटात दरड कोसळून आमची एसटी अडकली, तेव्हा अख्ख्या बसला त्यांनी हेच ऐकवलं. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं, "मंग त्याच्या पोटात गेलेला माघारी येत नाय?"

"नाही, आजी."

ती पोलादपूरला उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

काही वर्षांनी महाडच्या सायबर कॅफेतून भाऊजींनी एक शोधनिबंध छापून आणला. क्ष-किरणांच्या दुर्बिणीनं धुळीपलीकडे पाहिलं होतं. कृष्णविवरं बऱ्याच ठिकाणी सापडली होती, पण ऊब बहुतेक सगळी नव्यानं जन्मणाऱ्या ताऱ्यांची. भाऊजींचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. "तुम्हाला कोण जाब विचारायला आलंय?" ताई वैतागली. "मी सांगितलंय ना लोकांना!" म्हणत रविवारी मला मागं बसवून ते निघाले. वरंधच्या शाळेतही त्यांनी हेच सांगितलं होतं; तिथल्या मास्तरांनी चूक ऐकून घेऊन चहा पाजला. त्या मुलीच्या वडिलांनी दार अर्धंच उघडलं.

म्हातारीचं गाव कंडक्टरला विचारून काढलं. ती अंगणात वाल सोलत होती. भाऊजी चपला काढून समोर बसले. "आजी, माझं चुकलं. तो गिळणारा आहे, पण त्याचा वाटा थोडा. तिथं मुख्य म्हणजे तारे जन्मतात."

"बरं झालं सांगितलास," ती म्हणाली. "माझा पोर पुरात गेला. तवा तुझं ऐकून तोच आठवला." मग वाल बाजूला सारून तिनं विचारलं, "आनि ते जलमलेले अजून हायत का रे?"

भाऊजींनी तिच्यासमोरचा एक वाल उचलून सोलला.

"माहीत नाही, आजी. हा उजेड निघाला तेव्हा होते."

त्यांच्या तोंडून 'माहीत नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं. परतीच्या वाटेवर त्यांनी स्कूटर फार हळू चालवली.