न सांगणारा मुकादम

शहाद्याजवळच्या केळीच्या वखारीत मी मॅनेजर. केबिन, टेबलावर बेल, दारावर नावाची पाटी, सगळं आहे. ट्रक भरणाऱ्या टोळीच्या मुकादमाचं मला नावही ठाऊक नव्हतं, तरी त्याचा हेवा वाटायचा. कुणाच्या हातून घड आपटला तर तो ओरडायचा नाही. त्याला बाजूला बसवून पुढचे चार घड स्वतः खांद्यावर वाहायचा. तो आला नाही तरी ट्रक वेळेत भरायचा, याचा मला जास्त राग.

एकदा न राहवून विचारलं, "तू नसताना यांना सांगतं कोण?"

"मी ऱ्हास तवय तरी कोठे सांगस, साहेब?" म्हणजे तो हजर असतानाही सांगत नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मीही कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी शिपाई पाणी घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तब्येत बरी नही का?"