कासवांसाठी काचेचं कौल

कराडच्या आमच्या घरमालकांइतका कडक माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्या दारावरून जाताना भुंकणं थांबवून, शेपूट सावरून, रस्त्याच्या डाव्या अंगानं जात. एकाहत्तरची लढाई आटोपून ते सुभेदार म्हणून पेन्शनीत आले होते. मी हायस्कुलात नवा लागलेला मास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मी एकटा, तेही एकटेच. ते कायमचे घरी आले त्याच वर्षी त्यांची बायको गेली आणि मुलगा फौजेतच कुठंतरी आसामाकडे होता. आम्हां दोघांमध्ये एक भिंत होती, आणि तिच्यातून मला रोज सकाळी हुकूम ऐकू येत. "उठा! अंगुळ करा! चा ठेवा!" हे हुकूम ते स्वतःलाच देत आणि स्वतःच पाळत. चहा बिघडला तर स्वतःला असे काही झापत, की पलीकडे मीच सावरून बसे.

अशा माणसाच्या घरात कासवं आली. नदीच्या वाळूत कलिंगडाचे वेल लावणाऱ्या एका बाईला कासवाची पिलं सापडली होती, आणि गल्लीतली पोरं ती दोऱ्याला बांधून ओढत होती. सुभेदारांनी नुसतं "काय चाललंय?" एवढंच विचारलं. पोरं दोरे टाकून पळाली आणि रुपयाएवढी चार पिलं सुभेदारांच्या टोपीत आली. "जरा हुशार झाली की सोडतो नदीला," ते मला म्हणाले. त्यांनी तांब्याचं घंगाळ घासून लख्ख केलं, काठोकाठ पाणी भरलं आणि पिलं त्यात सोडली. घंगाळाच्या गुळगुळीत कडेला पिलांना पाय टेकता येईना. दिवसभर ती पोहतच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांतलं एक मरून तरंगत होतं.

सुभेदार त्या दिवशी जेवले नाहीत. भिंतीपलीकडून एकही हुकूम आला नाही, म्हणून मी डोकावलो. ते घंगाळापाशी उकिडवे बसले होते. "मास्तर," ते म्हणाले, "पवून पवून दमलं ते. म्या त्येला हुबं ऱ्हायाला जागाच दिली न्हाई."

मग मात्र त्यांनी मोहीमच उघडली. पदकं आणि पलटणीचे फोटो ठेवलेल्या कपाटाच्या काचा काढल्या, लोहाराकडून लोखंडी चौकट करून आणली, सांध्यांत खिडक्यांच्या काचांना लावतात ती लांबी भरली आणि मधल्या खोलीत टेबलावर काचेची टाकी उभी केली. मी शाळेतून आलो तेव्हा माझी गादी तरंगण्याच्या बेतात होती. "आवं मास्तर," भिंतीपलीकडून आवाज आला, "तुमच्याकडं किती पानी आलं?" घोट्याएवढं, असं मी सांगितलं. "मंग बराबर हाय. माझ्याकडं तेवढंच कमी झालंय!" दुसऱ्या खेपेला त्यांनी सांधे डांबरानं बुजवले. टाकी काळीकुट्ट दिसू लागली, पण गळायची थांबली. नदीवरचे चपटे दगड आणून त्यांनी एका बाजूला उतरण रचली: इकडे बोटभर पाणी, तिकडे वीतभर, आणि वर कोरडा कट्टा. पाणी ओतण्याआधी ते त्यात कोपर बुडवून बघत. बायका तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना बघतात तसं. मी हसलो तर म्हणाले, "पोराच्या टायमाला म्या सरहद्दीवर हुतो. आता शिकतोय."

जन्मात मासळीला न शिवलेला हा माणूस मासळी बाजारात उभा राहून करंगळीएवढे मासे निवडू लागला. कोळणी विचारत, "सुभेदार, घरी पावणं हायती वाटतं?" ते ताठ मानेनं सांगत, "हायती."

पावसाळा सरता सरता एका पिलाची पाठ मऊ पडली. ते खाईना, कट्ट्यावर चढेना. सुभेदार मला घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. "जनावर कुठाय?" डॉक्टरांनी बाहेर नजर टाकत विचारलं. सुभेदारांनी सदऱ्याच्या खिशातून ओल्या फडक्यातलं पिलू काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर भला माणूस, हसला नाही. "याला ऊन पाहिजे सुभेदार. रोज, अंगावर पडेल असं. तुमच्या घरात अंधार असणार."

घरात ऊन यायला जागाच नव्हती. अंगणात टाकी ठेवावी तर मांजरं आणि घारी. सुभेदार दिवसभर विचार करत फिरले. दुसऱ्या दिवशी शिडी लावून छपरावर चढले आणि मधल्या खोलीवर माळा होता म्हणून आपल्या झोपायच्या खोलीवरची चार कौलं काढून तिथं काचेची बसवली. चिमटीएवढीही सावली पडू नये म्हणून मधोमध ऊन येईल अशी जागा निवडली होती. ती जागा म्हणजे त्यांच्या बायकोच्या खाटेची. तिच्या मागं ती खाट त्यांनी हलवली नव्हती. चादरसुद्धा तशीच होती. मी आणि त्यांनी मिळून ती खाट बाहेर काढली. दारात ती अडकली तेव्हा ते थांबले.

"सारी नोकरीभर तिनं माझी वाट बगितली," ते म्हणाले. "सुट्टी मिळंना, म्हनून मीच कळवायचो, पुढच्या साली येतो. आलो तवा तिच्यासंगं बसायला, बोलायला म्हनूनच आलो हुतो." मग खाटेला खांदा देऊन म्हणाले, "हां, उचला मास्तर."

खाटेच्या जागी टाकी आली आणि उन्हाची तिरीप तिच्यावर पडू लागली. आजारी पिलू महिनाभरात कट्ट्यावर चढून मान ताणून बसू लागलं, आणि पलीकडून नवे हुकूम ऐकू येऊ लागले. "सावकाश खा! ढकलू नगं! त्येला बी बसू दे!"

कासवं ताटलीएवढी झाली. टाकी पुरेना, एकमेकांना चावू लागली. मला वाटलं, सुभेदार आणखी मोठी टाकी बांधतील. पण एका सकाळी ते कडक इस्त्रीचे कपडे घालून, बादली घेऊन माझ्या दारात उभे राहिले. आम्ही संगमावर गेलो. कासवं त्यांनी एकेक करून उथळ पाण्यात ठेवली. दोन लगेच गेली. तिसरं, ते दुखणाईत, जरा थांबलं आणि सुभेदार घाईघाईनं म्हणाले, "जा रं गड्या, जा. मागं बगू नगं." तेही गेलं. पाणी हलायचं थांबलं तरी ते तिथंच उभे होते. शेवटी रिकामी बादली मीच उचलली.

पुढं मला सांगलीला नोकरी मिळाली, लग्न झालं. एका रविवारी ते दारात उभे राहिले. माझी बायको चहाला आत गेली तसं मी विचारलं, काय काम काढलंत? "काम कसलं? तुमास्नी बघाया आलो." संध्याकाळच्या गाडीनं ते परत जाणार होते. तोवर आम्ही नदीच्या घाटावर जाऊन पायऱ्यांवर बसलो.

"ही आपल्या कराडाकडनंच येती न्हवं?" पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं.

"होय," मी म्हणालो. "तीच."

त्यांनी मान हलवली. गाडीची वेळ होत आली होती. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही दोघंही उठलो नाही.