मोटर चालू असताना हाक मारू नये

आमच्या गल्लीत खोट्या दातांच्या कवळ्या बनवणारे एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे कवळीवाले म्हणतात आणि त्यांच्या बायकोला वहिनी. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं आहे. माझंही आहे, आणि तक्रार नाही. मी काही कुणाच्या घरात डोकावत नाही, पण माझी खिडकीच अशी आहे की त्यांचं घर आपण होऊन माझ्या डोळ्यांत येतं. शिवाय कवळीवाले माझ्याकडे येऊन बोलतात आणि वहिनी माझ्या बायकोकडे. दोन्ही बाजू कळल्यावर गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

त्यांच्या घराच्या खालच्या खोलीत कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीने माखलेली फळी, तिच्यावर रांगेने मांडलेले लोकांचे जबडे, मेण वितळवायचा दिवा आणि टेबलाच्या टोकाला चकाकी देण्याची मोटर. वर राहायच्या खोल्या. तिथे वहिनी आणि कवळीवाल्यांची आई. आईंचे पाय गेलेत, म्हणजे त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. जिभेला मात्र देवाच्या दयेने काही झालेलं नाही.

या घरात एक नियम आहे आणि तो लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा आहे. तेव्हा वहिनींनी वरून लाडात हाक मारली होती. कवळीवाले नेमके एका बड्या साहेबांच्या कवळीला चकाकी देत होते. चाक गरगर फिरतंय, हात ओले, आणि बायकोची गोड हाक! त्यांनी मान वळवली. चाकाने कवळी हातातून हिसकली आणि समोरच्या भिंतीवर फेकली. साहेब पुढे कितीतरी दिवस पातळ खाण्यावर होते आणि ज्यांनी ते काम दिलं होतं ते दातांचे डॉक्टर कवळीवाल्यांच्या नावाने खडे फोडत होते. तेव्हापासून ठरलं : मोटर चालू असेल तर वरून आवाज द्यायचा नाही. काही हवं असेल तर मोटर बंद होईपर्यंत थांबायचं आणि मग काठीने जमीन ठोकायची. वहिनींनी हा नियम असा पाळला की आमच्या बायकांना त्याचे दाखले ऐकावे लागले. म्हणजे माझ्या बायकोला मीच ऐकवले. उपयोग झाला नाही तो भाग वेगळा.

आता कवळीवाल्यांची तब्येत. दिवसभर फोन. एक डॉक्टर म्हणतो उजवीकडे उंच लागते, दुसरा म्हणतो दात फार पांढरे झाले, पेशंट घोड्यासारखा दिसतो. लोकांच्या दातांची इतकी काळजी केली की हा माणूस झोपेत स्वतःचे दात खाऊ लागला. वहिनी म्हणायच्या, "रात्री तुमचं दळण सुरू असतं, मला वाटतं गिरणीत झोपलेय." शेवटी त्यांची एक दाढच चिरली. दाताच्या डॉक्टरने दाढ पाहिली आणि सांगितलं, "दाढेचं मी बघतो. डोक्याचं तुम्ही बघा. रोज थोडा वेळ झाडांत जाऊन बसा. फोन घरी ठेवून."

गल्लीच्या मागे, जुन्या पंपघराच्या पलीकडे, एक तळं आहे. काठाला दाट झाडी. एक मोठं झाड आडवं पडलेलं आहे आणि त्याच्यावर शेवाळ चढलंय. कवळीवाले तिथे जाऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांना तिथे करायला काही सुचेना, म्हणून त्यांनी समोरच्या बदकांच्या चोचींची मापं मनात घेतली. मग एक पाणकोंबडी काठच्या लव्हाळ्यातून बाहेर आली, मान पुढेमागे करत गेली. पानांतून ऊन खाली उतरत होतं, मुंग्या बुंध्यावरून आपापल्या कामाला चालल्या होत्या. आणि मग, हे त्यांनी मला अगदी धंद्याच्या भाषेत सांगितलं, "माझी जीभ खाली आली हो! इतकी वर्षं टाळ्याला चिकटून बसली होती. जबडा सुटला. वरचे दात आणि खालचे दात एकमेकांपासून वेगळे झाले. मला वाटलं, तोंड म्हणजे हे असं असतं!"

सुरुवातीला ते फक्त कवळीचा साचा उकळायला ठेवला की जायचे. साचा पाण्यात असतो तेव्हा कारागिराला तसं काही काम नसतं. त्यात चोरी काहीच नव्हती. फक्त घरी सांगितलं नव्हतं, एवढंच. का नाही सांगितलं? कारण वर वहिनी. आईंना एकटं सोडता येत नाही, त्यामुळे वहिनींचं बाहेर जाणं म्हणजे दारातल्या भाजीवालीपर्यंत. पलीकडच्या वस्तीत त्यांची सख्खी बहीण राहते. "एक दुपार तुम्ही वर बसाल का, मी ताईकडे जाऊन येते," असं त्यांनी मध्ये विचारलं होतं. तेव्हा कवळीवाले म्हणाले होते, "कामाचा डोंगर आहे गं. वर कसा बसू?" आता ज्याच्याकडे डोंगर आहे त्याने तळ्यावर जातो असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण गोडी लागली. साच्याचा वेळ पुरेना. मोटर गप्प असली की वरून काठी वाजणार, कधी पाण्यासाठी, कधी आईंना कुशीवर वळवायला. एका दुपारी कवळीवाल्यांनी काय करावं? चाकावर चकाकीचं कापड नाही, हातात कवळी नाही, आणि त्यांनी मोटर चालू केली. तिला तशीच घरघरत ठेवून मागच्या दाराने हा माणूस तळ्यावर!

मला याचा पत्ता नव्हता. माझी खिडकी पुढच्या बाजूला. दुपारभर मोटर ऐकून मी स्वतः चारचौघांत म्हणालो होतो, "काय राबतो माणूस!" माझ्यासारखा माणूस फसला हे अजून मला पचलेलं नाही.

आणि कवळीवाले खुलले. दळण थांबलं, दोन घास जास्त जाऊ लागले, जिन्यावरून शीळ ऐकू येऊ लागली. वहिनी माझ्या बायकोला कौतुकाने सांगायच्या, "काम वाढलं तशी यांची तब्येत सुधारली बघा. दिवसभर मोटरीपाशी असतात, पण तोंडावर थकवा नाही." हे कौतुक कवळीवाल्यांच्या कानावर आलं की ते घाईने जिना उतरायचे. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज दुपार झाली की बोट मोटरीच्या बटणावर जायचं.

मग तो दिवस आला. तळ्यावर वारा छान होता, पाणकोंबडीची काळी पिल्लं पहिल्यांदाच पाण्यात उतरली होती. कवळीवाले बसले ते बसलेच. परत आले, चपला झटकल्या, मोटर बंद केली. मोटर थांबते न थांबते तोच वर काठी वाजली. थांबून थांबून नाही, एकसारखी.

ते धावत वर गेले. आई खाली जमिनीवर होत्या, पलंगाला टेकून, अंगावर पांघरूण. त्यांच्या मागे वहिनी बसलेल्या, सासूला दोन्ही हातांनी छातीशी धरून. वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता.

"अगं काय झालं?"

"घसरल्या पलंगावरून," वहिनी म्हणाल्या. "लागलं नाही कुठे. मी उचलायला गेले तर माझ्याच पाठीत उसण भरली. मग हलताच येईना."

"मग हाक नाही का मारायची!"

"मोटर चालू होती ना," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं आता थांबेल, मग थांबेल. कवळी उडाली असती तर?"

आई म्हणाल्या, "अरे, आम्ही दोघी इथे सहलीला बसलोय. तू कर तुझं काम निवांत."

कवळीवाले सांगत होते, त्या क्षणी कुणी त्यांच्या तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी आईंना उचलून पलंगावर ठेवलं, बायकोला आधार देऊन निजवलं, पाठ शेकायला पाणी गरम केलं. आणि वहिनी काय म्हणाल्या? "तुमचा कामाचा खोळंबा झाला माझ्यामुळे."

त्यानंतर ते तळ्यावर गेले नाहीत. ही त्यांनी स्वतःला दिलेली शिक्षा. खाली मान घालून काम, वर मान घालून सेवा. पण शिक्षा बघा कुणाला झाली! दळण पुन्हा सुरू झालं. एका बाईंची कवळी अशी बसली की त्यांना ‘स’ म्हणताना शीळ फुटायची, ती परत आली. एकदा आईंनी पाणी दोनदा मागितलं तर हा गृहस्थ ओरडला, "एक मिनिट दम धरवत नाही का?" ज्या बाईने त्याच मोटरीपायी तासन्‌तास दम धरला होता, ती बाजूला पाठीला पट्टा बांधून बसली होती. ती म्हणाली, "रागावू नका हो त्यांच्यावर. माझं अंग धरलंय म्हणून सगळं तुमच्यावर पडलंय. ताण येणारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले आणि सगळं ओकले. मी ऐकलं आणि पहिल्यांदा, खरं सांगतो, मला मोटरीच्या युक्तीचं कौतुक वाटलं. पण चेहरा बघून मी ते गिळलं.

"सांगून टाका," मी म्हणालो.

"सांगितलं तर ती परत माझ्यावर विश्वास ठेवेल का?"

"आत्ता ठेवतेय तो काय कामाचा? तो तर तुमच्या मोटरीवर आहे."

"तुम्ही सांगता का तिला? तुम्हाला बोलता येतं."

"मी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत दूधवाल्यालाही कळेल. जा, स्वतः जा!"

ते गेले. आईंचा डोळा लागला होता. वहिनी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. कवळीवाल्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि सांगितलं. तळं, आडवं झाड, रिकामी मोटर, सगळं.

वहिनींनी घडी पुरी केली. "म्हणजे मोटर कुणासाठी चालू असायची?"

"तुझ्यासाठी."

"आणि आई पडल्या होत्या त्या दिवशी?"

"त्याही दिवशी."

"तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

त्यांना खोटं सुचलं, पण बोलवेना. "पाणकोंबडीची पिल्लं बघत होतो."

वहिनींनी पुढची चादर उचलली. मग म्हणाल्या, "कशी असतात?"

हा माणूस तरी बघा! सांगायला लागला. काळी, कापसाच्या बोळ्यांसारखी, आईच्या मागे एका रेषेत, मध्येच एक चुकतं. सांगताना चेहरा उजळला. वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं, "मोटरीचं मला लागलंच. पण तो चेहरा बघून जास्त लागलं. हे एवढं सुख यांनी दाराबाहेर ठेवलं होतं, आणि मी ताईकडे जाऊ का म्हणून विचारलं तर मला डोंगर सांगितला."

नवऱ्याला त्या एवढंच म्हणाल्या, "पाठ सुटली की दुपारी मी जाणार. तुम्ही वर बसायचं. मोटर सकाळी चालवा."

आणि तसंच झालं. पाठ सुटल्यावर पहिल्या दुपारी वहिनी ताईकडे गेल्या, दुसऱ्या दुपारपासून तळ्यावर. कवळीवाले आईंच्या उशाशी. दुपार किती लांब असते हे त्यांना त्या खोलीत कळलं. पाणी, मग पाठ खाजवणं, मग उशी उंच, मग उशी खाली. आई विचारायच्या, "ती कुठे गेली?"

"तळ्यावर."

"बरं झालं. तिच्या हाताला हल्ली चिडका वास येत होता."

वास कशाचा येतो हे आईंनाच ठाऊक. पण वहिनी बदलायला लागल्या होत्या हे माझ्या खिडकीतूनही दिसत होतं. जाताना पाय आपटत जायच्या, येताना दारातल्या मांजराशी बोलत थांबायच्या. नवऱ्याशी मात्र कामापुरतं बोलणं. चहा द्यायच्या, पण कपाकडे बघून. कवळीवाल्यांना ओरडा चालला असता, भांडी आपटलेली चालली असती. हे नीट, सभ्य, मोजकं बोलणं त्यांना आतून कुरतडत होतं.

एका संध्याकाळी वहिनी उशिरा आल्या. जिन्यावर काहीतरी गुणगुणत होत्या. खोलीत नवरा दिसला आणि त्या एकदम थांबल्या, जणू काही चोरून आणलंय.

"आईंचं खाणं झालं?" त्यांनी घाईने विचारलं. "मला वेळ कळलाच नाही. तुम्हाला खोळंबा झाला."

"झालं त्यांचं. तू का ओशाळतेस? ओशाळायचं मी."

वहिनी पलंगाच्या कडेला टेकल्या. कितीतरी दिवसांनी नवऱ्याकडे सरळ बघितलं.

"खरं सांगू? मी तिथे तुमच्यावर रागवायला जाते. घरी आईंसमोर नीट रागावता येत नाही. पंपघरापर्यंत राग चांगला टिकतो. काय काय बोलायचं ते सगळं तयार करते. मग त्या झाडावर बसते, ती पिल्लं येतात, वारा सुटतो, आणि माझं निम्मं भाषण कुठे जातं कळत नाही. मला माझीच लाज वाटते. तेवढा वेळ आईंना धरून जमिनीवर बसले, आणि बदकं बघून विसरले! इतकी स्वस्त आहे का मी?"

पलीकडून आई म्हणाल्या, "नाहीस गं. मला तरी धरताना महाग वाटत होतीस."

वहिनी हसल्या. हसू आलं आणि तोंडावर पदर घेतला, पण हसल्या. कवळीवाल्यांनी तेवढ्यात, घाबरत घाबरत, विचारलं, "मग गेला का राग? सगळा?"

वहिनी उठल्या, दिवा लावला. "तुम्ही विचारलंत की परत येतो."

तेव्हापासून त्यांनी विचारलेलं नाही. दुपार झाली की ते वर जाऊन बसतात, आणि वहिनींना यायला उशीर झाला तर वाट बघायला खिडकीशीसुद्धा जात नाहीत.